‘डोळे मिटा’ म्हणण्यापूर्वी

‘आता सगळ्यांनी उताणे झोपा. डोळे मिटा. अजिबात हलायचे नाही. अंग इतके जड होऊ द्या, की ते जमिनीत रुतते आहे असे वाटले पाहिजे.’

योगासनांच्या तासाच्या शेवटी म्हटली जाणारी ही वाक्ये आपल्या सर्वांच्या ओळखीची आहेत. आम्हीही ती कित्येक वर्षे म्हणत आलो. एका पावसाळ्यात, कर्जत-खालापूर भागातील एका शाळेत, आमच्यातल्या एक बाई ही वाक्ये म्हणत असताना एक मुलगा ताडकन उठून बसला. ‘झोप रे’ म्हटल्यावर तो पुन्हा आडवा झाला, पण डोळे उघडेच. तिसऱ्यांदा हटकले तेव्हा तो उठला आणि दाराबाहेर, व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. बाहेर पाऊस कोसळत होता. मुलगा ऐकत नाही, असा शेरा त्याच्या नावावर पडला. तो कोणत्या वाडीवरचा, त्याने काय पाहिले होते, हे येथे सांगण्याचे कारण नाही. चूक त्याची नव्हती, आमच्या वाक्यांची होती, हे आमच्या उशिरा ध्यानात आले.

भिसेगाव हे कर्जत स्टेशनाला लागूनच आहे. तेथे आम्ही काही शिक्षक अधूनमधून एकत्र बसतो आणि वर्गातल्या अडचणींची चर्चा करतो. या प्रसंगानंतर आम्ही डेव्हिड इमर्सन आणि एलिझाबेथ हॉपर यांचे ‘ओव्हरकमिंग ट्रॉमा थ्रू योगा’ हे २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेले पुस्तक वाचायला घेतले. मनावर मोठा आघात झालेल्या माणसांना योग कसा शिकवावा, हा त्याचा विषय. त्यातही शिक्षकाने काय बोलावे आणि कसे बोलावे, यावर त्याचा मोठा भर आहे. हे पुस्तक आपल्या शाळेत कितपत उपयोगी पडते आणि कोठे पडत नाही, ते येथे मांडत आहोत.

डोंगराखालची मुले

हा प्रश्न आपल्याकडे किती खरा आहे ते आधी पाहू. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी या ठाकर आदिवासींच्या वाडीवर दरड कोसळली. लोक झोपेत होते. शोधकार्य २३ जुलैला थांबवले तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. वाडीतील काही मुले आश्रमशाळेत राहत असल्यामुळे वाचली; त्यांच्यापैकी काहींचे आईवडील मात्र गेले. त्याआधी २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर आणि जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव या गावांवर हेच संकट आले होते. रायगडातल्या शाळेत पावसाचा आवाज सगळ्या मुलांना सारखाच ऐकू येतो असे नाही.

दरडीची बातमी तरी होते. घरात रोज मार खाणारे मूल, रुळांवर किंवा हमरस्त्यावर अपघात पाहिलेले मूल, वीटभट्टीवरच्या स्थलांतरात भावंड गमावलेले मूल यांची बातमी होत नाही. ती मुले आपण होऊन सांगत नाहीत आणि आपण विचारूही नये. मग कोणासाठी सांभाळून बोलायचे, हे शिक्षकाला कसे कळणार? उत्तर सोपे आहे. पावसाळ्यात पाणी उकळून देताना कावीळ कोणाला होणार आहे याची चौकशी आपण करत नाही, सर्वांनाच उकळलेले पाणी देतो. बोलण्याचेही तसेच करावे.

शरीरात काय घडते?

धोका दिसला की मेंदूतील बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग, अमिग्डाला, विचार पूर्ण होण्याआधीच धोक्याची सूचना देतो. अनुकंपी चेतासंस्था जागी होते, छाती धडधडते, स्नायू ताठ होतात. पळणे किंवा प्रतिकार करणे यांसाठी ही तयारी असते. दोन्ही शक्य नसेल तर काही जण जागीच थिजतात. धोका टळला की परानुकंपी चेतासंस्था शरीराला पूर्वपदावर आणते.

पण धोका फार मोठा असेल, किंवा पुन्हा पुन्हा येत असेल, तर त्या वेळच्या खुणा धोक्याशी जोडल्या जातात. अंधार, चिखलाचा वास, विशिष्ट आवाज, उताणे पडल्याची जाणीव यांपैकी काहीही पुरते. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला घंटा ऐकून लाळ सुटे. येथे खूण जाणवताच भीती सुटते. मुलाला त्याचे कारण सांगता येईलच असे नाही. वैद्यकशास्त्राने या अवस्थेला ‘आघातोत्तर ताणाचा विकार’ असे स्वतंत्र नाव देऊन आपल्या अधिकृत यादीत घेतले ते १९८० साली, व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अनुभवानंतर.

आता सुरुवातीची वाक्ये पुन्हा वाचा. डोळे मिटले की दार कोठे आहे हे दिसत नाही. ‘हलायचे नाही’ म्हटले की पळण्याची वाट बंद होते. ‘जमिनीत रुतते आहे’ या शब्दांनी एखाद्याला विश्रांती मिळेल, दुसऱ्याला ढिगारा आठवेल. यात ‘श्वास रोखा’ हे वाक्य आले तर आणखी कठीण. श्वास रोखला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि गुदमरल्याची जाणीव होते. ती कल्पना नव्हे, शरीराचा खरा इशारा असतो. मुलांना हुकमाने करायला लावण्याची ही गोष्टच नव्हे.

पुस्तकाचे म्हणणे

इमर्सन यांनी हे काम अमेरिकेतील ब्रुकलाइन येथील ‘ट्रॉमा सेंटर’मध्ये, मनोविकारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्याबरोबर केले. त्यांचे सूत्र असे: आघाताच्या क्षणी माणसाचा आपल्या शरीरावरचा ताबा गेलेला असतो. म्हणून योगवर्गात त्याला तो ताबा थोडा थोडा परत मिळाला पाहिजे. शिक्षकाने आज्ञा देऊ नये, निमंत्रण द्यावे. प्रत्येक आसनात पर्याय ठेवावा. ‘बरोबर-चूक’ न म्हणता काय जाणवते याकडे लक्ष वेधावे. आसन सुधारण्यासाठी अंगाला हात लावू नये. पुढे काय होणार, किती वेळ होणार, हे आधी सांगावे.

या सूत्रात सक्तीला जागा नाही, आणि तेच त्याचे बळ आहे. आसन ‘नीट’ आले की नाही यापेक्षा करणाऱ्याने ते स्वतः निवडले की नाही, याला येथे महत्त्व आहे. योग शिकवणाऱ्या पुष्कळ पुस्तकांत कोन, ताण, फायदे आणि निषिद्ध विकार यांची माहिती असते. शिक्षकाच्या तोंडचे वाक्य हाही व्यायामाचाच भाग आहे, हे मात्र त्यांत सहसा सापडत नाही. ही उणीव या पुस्तकाने भरून काढली आहे.

पुरावा किती?

विज्ञानाच्या शिक्षकाने येथे थांबून पुरावा मागायला हवा. व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांचा प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ विकार असलेल्या आणि उपचारांनी बऱ्या न झालेल्या ६४ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला आठवड्यातून एक तास, असा दहा आठवडे योगवर्ग. दुसऱ्याला तेवढाच वेळ स्त्रियांच्या आरोग्याविषयीचे शिक्षण. शेवटी योगगटातील ३१ पैकी १६ स्त्रिया विकाराच्या निकषांत बसेनाशा झाल्या. दुसऱ्या गटातील २९ पैकी ६. सुरुवातीला दोन्ही गटांत सुधारणा दिसली होती, पण ती टिकली योगगटात. पुढे दीडेक वर्षाने पाहिले तेव्हा ज्यांनी योगाभ्यास वारंवार चालू ठेवला त्यांना अधिक लाभ झालेला दिसला.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका प्रयोगात, सैन्यात असताना लैंगिक अत्याचार सोसलेल्या अमेरिकन स्त्रियांमध्ये या योगवर्गाची तुलना एका प्रस्थापित मानसोपचाराशी केली होती. सुधारणा दोन्हींत जवळपास सारखी झाली. शेवटपर्यंत टिकणाऱ्यांचे प्रमाण मात्र योगवर्गात जास्त होते.

हे निष्कर्ष आशादायक आहेत. पण या प्रयोगांत मुले नव्हती. सर्व प्रौढ स्त्रिया होत्या. दुसरे असे, की भाषा वेगळी काढून तपासलेली नव्हती. आसने, श्वास, सोबत, नियमितपणा आणि बोलणे हे सर्व एकत्र होते. तीच आसने एका गटाला हुकमाने आणि दुसऱ्याला निमंत्रणाने शिकवली, तर काय फरक पडेल, याचे उत्तर या आकड्यांतून मिळत नाही. म्हणून ‘गोड बोला, मुले बरी होतील’ असा दावा आपण करू नये. आपला दावा लहान आहे: घाबरलेल्या मुलावर आपल्या बोलण्याने आणखी भार पडू नये. त्यासाठी एवढा पुरावा पुरेसा आहे. कारण बोलणे बदलण्यात तोटा काही नाही.

हुकमाची भाषा कोठून आली?

भिसेगावाहून पाहिले तर घाट समोरच दिसतो. तो चढायला कर्जतला गाडीला जादा इंजिने जोडतात. घाटमाथ्यावर लोणावळ्याला १९२४ साली स्वामी कुवलयानंद यांनी कैवल्यधामची स्थापना केली. योगक्रिया करताना शरीरात नेमके काय घडते, हे उपकरणांनी मोजून पाहण्याचा प्रयत्न तेथे झाला आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून तो जगापुढे आला. शाळांसाठी समूहाने करायच्या योगव्यायामाची मांडणी त्यांनी ‘यौगिक संघ व्यायाम’ या १९३६ च्या पुस्तकात केली. पुष्कळ मुले, थोडा वेळ आणि एक शिक्षक, अशा परिस्थितीत कवायतीचा साचा उपयोगी पडला. योग घराघरांतून मैदानावर आला, हे श्रेय लहान नाही. पण त्याबरोबर ‘सावधान-विश्राम’चा सूरही आला आणि तो राहिला. २०१५ पासून २१ जूनला आंतरराष्ट्रीय योगदिन साजरा होतो, तेव्हा मैदानावर ध्वनिक्षेपकातून हाच सूर ऐकू येतो.

योगाच्या मूळ विचारात हा सूर आहे का? पतंजलींनी आसनाकडून दोनच अपेक्षा केल्या: ते स्थिर असावे आणि सुखाचे असावे. स्थिर राहण्याचा हुकूम देता येईल. सुख वाटते की नाही, हे मात्र बसणाऱ्यालाच ठाऊक. म्हणजे निम्मे आसन शिक्षकाच्या हुकमाच्या कक्षेबाहेरच आहे. मुलाला विचारणे ही अमेरिकेतून आणलेली चैन आहे, असे आम्हाला म्हणूनच वाटत नाही.

मराठीत कसे म्हणायचे?

पुस्तक खरे अडखळते ते येथे. त्यातील सुचवलेली वाक्ये आम्ही मराठीत आणू लागलो तेव्हा पहिल्याच वाक्याला हसू फुटले. ‘हवे असल्यास डोळे मिटा’ आणि बोलताना ‘हवं तर मीट’! आपल्या घरात ‘हवं तर कर’ हे वाक्य रुसलेली आई म्हणते. त्यात मोकळीक कमी आणि नाराजी जास्त असते. ‘कृपया डोळे मिटा’ म्हणावे, तर कर्जत स्टेशनवरची घोषणा आठवते. ‘मिटूया’ हे रूप गोड आहे, पण सगळे मिळून करायचे म्हटल्यावर एकट्याने नाही म्हणायला जागा उरत नाही. ‘जमेल तेवढे करा’ यात दया दिसते, पण परीक्षाही लपलेली असते. शेजारच्याला जास्त जमते हे लगेच दिसते.

मग मराठीत मोकळीक देणारा शब्द कोणता? तो आपल्या रोजच्या बोलण्यातच आहे: ‘चालेल’. ‘डोळे मिटलेत तरी चालेल, उघडे ठेवून समोरच्या भिंतीकडे पाहिलेत तरी चालेल.’ दोन्ही पर्याय एकाच वाक्यात, एकाच आवाजात. दुसरा पर्याय ‘ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी’ असा जोडला, की तो पर्याय राहत नाही, शिक्षा होते.

दुसरा शब्द ‘जाणवणे’. पुस्तकातील सूचनेचे भाषांतर काही जण ‘निरीक्षण करा’ असे करतील; ते प्रयोगशाळेतले वाटते. ‘टाचेला जमीन जाणवते का? नाही जाणवली तरी चालेल’ हे सरळ आहे. मराठीत भीती वाटते, थंडी वाजते, दुखते, जाणवते ते ‘मला’. अनुभव येतो तो त्या माणसाकडे, आणि सांगण्याचा अधिकारही त्याचाच. ‘तुला छान वाटते आहे’ असे शिक्षकाने परस्पर सांगू नये.

तिसरी गोष्ट नावांची. शवासन हे हठप्रदीपिकेसारख्या जुन्या ग्रंथातील नाव आहे. प्रेतासारखे उताणे पडणे थकवा घालवते, असे तेथे सांगितले आहे. ग्रंथातील नाव बदलण्याची गरज नाही. पण ज्या मुलाने महिन्यापूर्वी घरातले प्रेत पाहिले, त्याला ‘शव व्हा’ म्हणण्याचीही गरज नाही. पर्याय म्हणून आम्हाला ‘विसावा’ हा शब्द आवडला होता. तेव्हा आमच्यातल्याच एकाने आठवण करून दिली, की अंत्ययात्रेत वाटेत तिरडी टेकवतात त्या जागेलाही गावात विसावाच म्हणतात. शेवटी ‘आराम’ हा साधा शब्द ठरला. आराम पालथे पडून, मकरासनात करता येतो. भिंतीला पाठ टेकून बसूनही करता येतो. शब्दकोशापेक्षा गावातला माणूस अशा वेळी उपयोगी पडतो.

चौथी गोष्ट ‘शाबास’. कौतुक वाईट कसे, असे वाटेल. पण ‘बघा, ती किती छान वाकली’ म्हणताच बाकीच्यांचे लक्ष आपल्या पाठीवरून उडून शिक्षकाच्या नजरेकडे लागते. लंगडीत, खो-खोत शाबासकी जरूर द्यावी. येथे ती आवरती घ्यावी.

पुस्तकात न बसणारी शाळा

पुस्तकातला विद्यार्थी प्रौढ आहे. तो स्वतःहून वर्गाला येतो आणि नको वाटल्यास येत नाही. आपला विद्यार्थी वेळापत्रकाने येतो. चाळीस-पन्नास मुले, एक खोली, दाराशी मुख्याध्यापक. अशा वर्गात शिक्षकाने निमंत्रण दिले तरी मूल त्याचा हुकूमच करते, कारण ‘नाही’ म्हटल्याचे परिणाम त्याने पाहिलेले असतात. या अडचणीचे उत्तर पुस्तकात मिळत नाही. आमच्या मते, शाळेत नुसते वाक्य बदलून भागत नाही. वाक्यात दिलेली मोकळीक खोलीत खरोखर असावी लागते. दाराजवळची एक जागा ‘येथे बसून नुसते पाहिले तरी चालेल’ म्हणून ठेवावी आणि तेथे बसणाऱ्याला कारण विचारू नये. शिक्षकाने स्वतःच एखाद्या दिवशी डोळे उघडे ठेवून आराम करून दाखवावा. ‘पाच श्वास, मी मोजते आहे, मग उठायचे’ असा शेवट आधी सांगावा. हात लावण्यापूर्वी विचारावे, आणि गप्प राहणे म्हणजे होकार समजू नये.

आमच्या बैठकीत आक्षेपही आला: ‘एवढे लाड केले तर शिस्त कशी राहणार?’ आक्षेप रास्त आहे. ‘मानेला झटका देऊ नका’, ‘शेजाऱ्याला ढकलू नकोस’, ‘थांब’ ही वाक्ये आज्ञार्थातच हवीत. सुरक्षिततेच्या बाबतीत पर्याय नसतो. प्रत्येक वाक्याला ‘चालेल’ची शेपटी लावली तर मुले कंटाळतील आणि काही तर गोंधळूनही जातील. भेदरलेल्या मुलाला दहा पर्याय नको असतात, दोन पुरतात. मऊ आवाज आणि स्पष्ट सूचना यांत विरोध नाही.

आणखी एक मर्यादा. शिक्षक हा उपचारक नव्हे. एखादे मूल तासाला थिजले, हाका मारूनही भानावर नसल्यासारखे झाले, तर सगळ्यांसमोर काय झाले ते विचारत बसू नये. त्याला बसते करावे, पाय जमिनीला टेकू द्यावेत, खोलीतील दिसणाऱ्या चार वस्तूंची नावे त्याच्याबरोबर घ्यावीत. असे वारंवार होत असेल तर पालकांशी बोलून तज्ज्ञाकडे पाठवावे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे.

एक सोपा प्रयोग

शेवटी वर्गात करण्यासारखे काही. मनगटावर किंवा मानेला बोटे ठेवून आपली नाडी शोधा. सापडली नाही तर शेजाऱ्याची नुसती नोंद लिहिलीत तरी चालेल. आता सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. श्वास घेताना ठोके किंचित जवळ येतात आणि सोडताना लांबतात, असे जाणवते का? मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये हा फरक पुष्कळदा स्पष्ट कळतो. श्वास सोडताना व्हेगस या चेतातंतूचा हृदयावरचा लगाम घट्ट होतो, म्हणून असे घडते. लांब उच्छ्वासाने बरे वाटते ते का, याचे काही उत्तर येथे आहे. आणि हा लगाम शिक्षकाच्या हाती नाही. तो मुलाच्या स्वतःच्या हाती आहे, हे त्याला बोटाखाली कळते.

इमर्सन-हॉपर यांचे पुस्तक शिक्षकांनी जरूर वाचावे, पण त्यातील वाक्ये पाठ करू नयेत. त्यातला विचार घ्यावा आणि वाक्ये आपल्या गावच्या बोलीत बनवावीत. ठाकर मुलांच्या, कातकरी मुलांच्या घरात मोकळीक कोणत्या शब्दांनी देतात, हे त्यांच्याकडूनच शिकता येईल.

व्हरांड्यात जाऊन उभा राहिलेला तो मुलगा नंतरच्या तासांना दाराजवळच्या भिंतीला टेकून बसू लागला, डोळे उघडे ठेवून. त्याच्या नावापुढचा शेरा आम्ही खोडला. आपल्या वर्गातले अनुभव, आणि आपल्या भागात वापरता येतील अशी वाक्ये, आम्हाला जरूर कळवा.